देठ खुडलेला बाजार

नंदुरबारात इद्रिस सरांना दोन नावांनी ओळखतात. शाळेत ‘ड्रॉइंगचे सर’ आणि गल्लीत ‘ते शिंका आणणारे’. दुसऱ्या नावात खोटं काहीच नाही. सर चित्र नुसतं रंगवत नाहीत, चिकटवतात. गोणपाट, विटेची पूड, सायकलची फाटकी ट्यूब, शाळेची जुनी परिपत्रकं (ती कुणीतरी पहिल्यांदाच इतकी जवळून वाचलेली असतात), आणि गेल्या सहा वर्षांपासून सुकी लाल मिरची. माडीवरच्या खोलीत ते कामाला बसले की खालून त्यांच्या बायकोची, जाहेदाभाभींची, पहिली शिंक येते, मग शेजारच्यांची, मग गल्लीच्या टोकाच्या शिंप्याची. सरांचं काम किती पुढे गेलं, हे शिंप्याला घरबसल्या कळतं.

वय सेहेचाळीस. दिवसाचे दोन तुकडे: सकाळी शाळा, दुपारनंतर माडी. वर्गात सरांचा एकच नियम, आणि तो ते पंचवीस वर्षं चिकाटीने राबवतात. खोडरबर आणायचं नाही. रेघ चुकली तर चुकली, तिथूनच पुढे काढा. त्यामुळे त्यांच्या वर्गात पाच पायांच्या गाई निघतात आणि पाचव्या पायाला शेवटी झाड व्हावं लागतं.

यंदाच्या हिवाळ्यात सरांच्या आयुष्यात एक मोठी गोष्ट घडली. त्यांच्या ‘बाजार’ या चित्राचा फोटो पाहून नाशिकच्या एका प्रदर्शनाने चित्र मागवलं. याआधी त्यांची चित्रं नंदुरबारच्या बाहेर गेली होती ती फक्त पाहुण्यांच्या लग्नात, आहेर म्हणून. ‘बाजार’ आठ फूट लांब होतं. गोणपाटावर तीनशे मिरच्या, प्रत्येक मिरची म्हणजे एक माणूस, आणि प्रत्येकीचा वाकडा देठ म्हणजे त्या माणसाची ऐट. फोटो काढून झाल्यावरही सरांना राहवेना. शुक्रवारी त्यांनी सगळ्या मिरच्यांवरून गोंदाचा आणखी एक जाड हात फिरवला. शनिवारी संध्याकाळी मेहुण्याचा, आफताबचा, मिरचीचा ट्रक नाशिकला निघणार होता. आणि गोंद काही वाळेना.

शनिवारी सकाळी सरांनी चित्र आफताबच्या पथारीवर नेलं. गावाबाहेरच्या मोकळ्या रानात जिथे मिरच्या पसरून वाळवतात, ती पथारी. ऊन भरपूर, वारा भरपूर. चित्र मिरच्यांच्या शेजारी आडवं घातलं, आफताबला लक्ष ठेवायला सांगितलं आणि सर शाळेत गेले, कारण त्या दिवशी ड्रॉइंगच्या परीक्षेचा सराव होता. आफताबने लक्ष ठेवलं. तीन शेळ्या हाकलल्या. शेळ्यांखेरीज चित्राला कुणाचा धोका असेल, हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

धोका होता जमुनाबाईचा. जमुनाबाई नवापूरकडची. हंगामात सहा बायांची टोळी घेऊन पथारीवर देठ खुडायला येते. मिरची दिसली की तिचा हात आपोआप जातो. अंगठा, बोट, कट्. तो हात गप्पा मारताना थांबत नाही की जांभई देताना. नऊ वाजता टोळी एका कडेने बसली आणि खुडत खुडत पुढे सरकली. मध्ये कुठे ढीग संपला आणि कुठे कलाकृती सुरू झाली, ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही. मिरच्या जरा चिकटलेल्या वाटल्या, इतकंच.

साडेबाराला सर आले तेव्हा बाया भाकरीची फडकी सोडून जेवायला बसल्या होत्या. चित्राचा दोन तृतीयांश बाजार बोडका झाला होता. सर देठांच्या ढिगाशी बसले. त्यांनी त्यात हात घातला आणि एकेक देठ उचलून मिरचीला जुळवून पाहू लागले. ढीग गुडघ्याएवढा होता. आफताब शेळ्यांबद्दल काहीतरी सांगायला आला आणि तोंड बघून परत फिरला.

जमुनाबाई हात पुसत जवळ आली. गोणी फुटून मिरच्या चिकटल्या असं वाटलं, असं तिने सांगितलं. चूक झाली, हेही कबूल केलं. मग सरांची ती देठजुळणी ती बराच वेळ बघत राहिली. तिची रविना सरांच्याच वर्गात आठवीला.

“सर, मन्ही पोर सांगस, तुम्ही पुसू देतस नही. चुकनं ते चुकनं, तठूनच पुढे काढा म्हनतस.”

सरांचा हात थांबला. पंचवीस वर्षांत हा नियम त्यांना कुणी ऐकवला नव्हता. ऐकायला तो, खरं सांगायचं तर, फार कडू होता.

ते उठले, चार पावलं मागे गेले आणि चित्राकडे पाहिलं. देठ तुटले तिथून बिया सांडल्या होत्या आणि ओल्या गोंदात पिवळ्या रांगोळीसारख्या बसल्या होत्या. डावीकडून बायांचे हात चालत आलेले स्पष्ट दिसत होते. जिथे भाकरीची वेळ झाली तिथे ते थांबले होते. पलीकडे उरलेले शंभर देठ अजून ऐटीत उभे होते, आपली पाळी यायचीय हे माहीत नसलेल्या माणसांसारखे. सरांना मनातल्या मनात कबूल करावं लागलं की फोटोतला बाजार नुसता भरला होता. या बाजारात काम चाललं होतं.

त्यांनी नाशिकला फोन करून चित्र फोटोपेक्षा जरा पुढे गेलंय असं कळवलं. तिकडच्या बाईंनी विचारलं, किती पुढे? सर म्हणाले, भाकरीपर्यंत.

चारपर्यंत गोंद वाळला. ट्रकवर चढवण्याआधी सरांनी मागे चिठ्ठी लावली: ‘बाजार. माध्यम: गोणपाट, गोंद, मिरची, जमुनाबाई आणि मंडळी.’ आणि ती मोठ्याने वाचून दाखवली. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. जमुनाबाई हसली नाही.

“मन्हं नाव गोंदना मांगे काबरं?” तिने विचारलं. “काम ते आम्ही करं.”

मुद्दा बिनतोड होता. गोंद नुसता वाळला होता. सरांनी पेन काढलं. खोडणं नियमात बसत नव्हतं, म्हणून जमुनाबाईच्या नावापासून एक लांब वळसेदार बाण काढून तो ‘गोणपाट’ या शब्दाच्याही आधी नेला. मग ट्रक हलला, आणि मागे उभ्या असलेल्या सरांना दिवसातली पहिली शिंक आली.