वखारवाल्या अक्काची शिकवणी

वखारवाली अक्का गोड बोलल्याचं धरणगावात कुणी ऐकलेलं नाही. दिवाळीचा फराळ घेऊन कुणी दारात गेलं, तरी ती आधी विचारी, "हाई तुले कितलाले पडनं?" सांगता आलं नाही, की चकली तोंडात टाकून म्हणे, "मंग तू इकशी कशी?" हे विकायला नाही, प्रेमानं आणलंय, हे तिच्या टाळक्यात कधी शिरलं नाही.

ती माझी नात्याची नव्हे. कापसाच्या जिनाजवळ तिची सरपणाची वखार होती. बिबडे, चटण्या, बांगड्या विकून पोट भरणाऱ्या आम्हा बायांना ती दुपारी ओट्यावर बसवून धंदा शिकवी, आणि शिकवता शिकवता सालटी काढी. माझे मालक गेले तेव्हा पदरात दोन पोरं होती आणि अंगात एकच कसब, खापरावरचे मांडे. लग्नकार्यात मी ते करून देऊ लागले. सगळा हंगाम राबले आणि शेवटी पैशांचा डबा रिकामाच. अक्कानं खर्च विचारला. मी गहू, डाळ, गूळ, लाकडं सगळं सांगितलं.

"अन् तुना हात? त्या काय फुकटना शेतस?"

मी हसले. ती हसली नाही. उलट त्या दिवसापासून तिनं माझं उधारीचं सरपण बंद केलं. "उधारनं लाकूड नुसता धूर करस," म्हणे.

पुढच्या हंगामात माझ्या थोरल्या भावाच्या, नानाच्या, पोरीचं लग्न निघालं. दोन कोसांवर माझं माहेर. साऱ्या मांडवाचे मांडे नानानं मला सांगितले. सामान तूच आण, मागून बघू, म्हणाला. माहेरचं काम! घरात होतं नव्हतं ते मी डाळ-गुळात घातलं आणि लाकडांसाठी अक्कापुढे उभी राहिले.

"नाना पैसा देस का?"

"मना भाऊ शे तो. मी मनं देखसू."

पैसे न मागताच ती गाडी पाठवते म्हणाली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

लग्नाच्या सकाळी पुरण शिजून तयार, चुली मांडलेल्या, आणि गाडी येईना. आली तेव्हा लाकडांवर अक्का बसलेली. मांडवाच्या तोंडाशी, व्याह्यांच्या देखत ती म्हणाली, "नाना, लाकूड मनं शे, हात तुनी बहीनना शेतस. पैसा ठेव, मंग गाडी खाली करसू."

व्याही मिशीत हसले. नानानं कनवटीची थैली सोडली आणि पैसे माझ्या पिठाच्या परातीत टाकले. "ले मांडेवाली, तुनी मजुरी." मी खाली मान घालून मांडे केले. लोकांनी बोटं चाटली. बहिणींना साड्या नेसवायची वेळ आली, तेव्हा माझं नाव कुणी घेतलं नाही.

त्या पैशांत मी सुगीला वर्षाचा गहू भरला, हे खरं. लढाईच्या महागाईत भल्याभल्यांची दुकानं बसली, माझी चूल अडली नाही. पोरं शिकली. बाया म्हणतात, अक्कामुळे तू उभी राहिलीस. म्हणोत बापड्या! नानाकडे मी माझ्या तोंडानं मागितलं असतं. लग्न उरकल्यावर, चुलीपुढे बसून, हळूच. त्यानं दिलं असतं, नसतं दिलं, तो आम्हा भावंडांचा मामला होता. ही कोण मध्ये पडणारी? मला तिचा आजही राग येतो.

ती अंथरुणाला खिळली तेव्हा हे बोलायलाच मी गेले होते. म्हटलं, "अक्का, तुनामुये मना भाऊ तुटना."

तिनं डोळेही उघडले नाहीत. "अन् धंदा?"

"शे."

"मंग?"

मी पाणी न घेता उठले. ती गेली त्या दिवशी बायांनी वखारीपुढे गळे काढले म्हणे. मी गेले नाही. आगाऊ पैसे घेतलेलं लग्नाचं काम होतं.

जिला भाऊ नाही, ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. दोन कोसांवर माझा सख्खा भाऊ धडधाकट आहे. दरवर्षी मी अंगणात उभी राहून ती बारीकशी कोर शोधते आणि तिलाच ओवाळते.