वळणाआधीचा लाल दिवा

आमचा मोठा मामा रेल्वेच्या सिग्नल खात्यात होता आणि धाकटा मामा गाडी चालवायचा. दोघे जेवायला बसले की तिसऱ्याला तोंड उघडायची सोय नसे.

जंक्शनच्या अलीकडे गाडी बाजूच्या रुळावर घेणारा एक सांधा होता. पुढे वळायचंय हे ड्रायव्हरला वेळेत कळायचंच नाही. एकदा एक गाडी भरधाव त्या वळणावर गेली आणि आडवी झाली. त्या दिवसापासून मोठ्याला डोळ्यांपुढे तशा आडव्या गाडीत धाकटाच दिसायचा. साहेबांच्या हात धुऊन मागे लागून त्याने अखेर नवी पद्धत बसवून घेतली. सांधा वळणाकडे लावला असेल तर सिग्नल लालच राहणार, आणि येणाऱ्या गाडीचा वेग उतरला की मगच पिवळा होणार. ती सुरू झाली त्या दिवशी मोठ्याची स्वारी हवेत होती.

धाकटा चेष्टा करायचा, "दादा, तुझा लाल नुसताच डोळे वटारतो रे. जरा ब्रेक लावला की निमूट पिवळा!"

"वळणावर हळू जातोस ना? मला तेवढं पुरे," मोठा म्हणायचा. आम्ही हसायचो.

बघता बघता सगळ्या ड्रायव्हरांना सवय लागली. तो लाल पाहून थांबायची तयारी कुणीच करेना. थोडा वेग उतरवायचा आणि पिवळ्याची वाट पाहायची.

एका दुपारी बाजूच्या रुळावर बिघडलेली मालगाडी उभी होती. रूळ मोकळा नव्हता, म्हणून या वेळी लाल लालच राहिला. धाकटा पिवळ्याची वाट पाहत पुढे गेला. त्याने करकचून ब्रेक लावला तेव्हा मालगाडी समोर होती. तो जागीच गेला.

चौकशीत सिग्नल निर्दोष ठरला. साहेबांनी मामाची पाठ थोपटली. त्या हाताचा मला आजही संताप येतो. ही पद्धत बदला, म्हणून मामा गयावया करत होता. "चौकशीत पास झालंय, आता कशाला हात लावायचा?" एवढंच उत्तर मिळालं.

धाकटी मामी भेटायला आली. "भाऊजी, लाल होता ना? मग हे थांबले का नाहीत?"

"रोज वेग उतरला की पिवळा व्हायचा म्हणून," मामा म्हणाला. "मीच तसा बसवला होता."

मामीला त्यातलं काही उमगलं नाही. डोळे पुसत तीच त्याची समजूत घालू लागली, "असं नका बोलू. हे तर सगळ्यांना सांगायचे, त्या वळणावर मला भीती नाही, तिथे माझा दादा आहे."