केसरबाईच्या हातची भाकर

सिल्वासात आमलीला, कारखान्यांमागच्या चाळीत केसरबाईची खाणावळ होती. धुळ्याकडचे पंधरा-वीस कामगार पाळी सुटली की तिच्याकडे जेवायला यायचे. निखाऱ्यावर लावलेली भाकर ती चिमट्याशिवाय, नुसत्या बोटांनी फिरवायची. बघणारे तोंडात बोटं घालायचे. "बाई आहे का लोखंड!" असं कुणी म्हटलं की ती खुलायची. कौतुक कुणाला नको असतं?

१९८९ साली विश्वनाथ तिथे जेवू लागला. कोकणातला माणूस, कुष्ठरोग तपासायची सरकारी नोकरी. त्याने काही कौतुक केलं नाही. तिच्या करंगळीकडे बोट दाखवून म्हणाला, "केसरबाई, हा एवढा फोड दुखत नाही तुम्हाला?"

"कोणता फोड?" केसरबाईने विचारलं.

दवाखान्यात तपासणी झाली आणि रोग निघाला. दोन वर्षं गोळ्या. "औषध सुरू झालं की तुमच्यापासून कुणाला लागण व्हायची भीती नाही. खुशाल स्वयंपाक करा," असं विश्वनाथने बजावलं. पण चाळीने ते कानाआड केलं. आठ दिवसांत खाणावळीत तीन माणसं उरली.

नवरा, नथू, खाली मान घालून म्हणाला, "तू गावाकडं चालली जाय. शेतात खोपी बांधी देतो."

तसली खोपी केसरबाईला चांगली ठाऊक होती. तिच्या चिमाआत्याला हाच रोग झाला तेव्हा अशाच खोपीत ठेवलं होतं. लहानगी केसर रोज बांधावरच्या दगडावर भाकर ठेवायची आणि मागे न बघता पळायची, कारण तसं करायला सांगितलं होतं. आत्या गेली तेव्हा खोपी भांड्यांसकट जाळली. आपण एकदाही थांबून तिच्याशी बोललो नाही, याची लाज केसरबाईला जन्मभर पुरली.

"मी कुठंच जाणार नही," ती म्हणाली. "लोकांनी दगडावर ठेवलेली भाकर मी खाणार नही. इथंच रांधीन, माझ्याच हातानं."

दुसऱ्या दिवसापासून नथू नाक्यावरच्या हॉटेलात जेवू लागला.

त्यात गोळ्यांनी वेगळाच घोळ घातला. त्यातल्या एका तांबड्या गोळीने अंगाचा रंग बदलतो. केसरबाईचा चेहरा आधी तांबूस झाला, मग काळा पडला. आतून बाई बरी होत होती आणि चाळ म्हणत होती, रोग वर आला! शेजारच्या बायडाबाईने तर तिच्या उंबऱ्यासमोरून जाणंच सोडलं. हे औषधाने होतं, नंतर जातं, असं विश्वनाथने घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. उरलेले तिघेही गेले.

मग मात्र केसरबाईचं डोकं फिरलं. तिने शेगडी उचलून बाहेर ओट्यावर आणली. महिन्याची पहिली गोळी तपासनिसासमोर घ्यायची असते. बाकीचे रोगी ती दवाखान्यामागे लपून घेत. ही विश्वनाथला ऐन नळाच्या वेळी ओट्यावर बोलवायची आणि रांगेतल्या बायांना हाक मारायची, "बघा गं, गिळली!" बाया नाकं मुरडायच्या. ती तिथेच पीठ मळायची, चिमट्याने भाकर फिरवायची आणि एकटी जेवायची.

दोन वर्षांनी उपचार पूर्ण झाल्याचा कागद मिळाला. हातांची संवेदना परत आली नाही, ती येणारही नव्हती. पण चेहऱ्याचा काळेपणा उतरू लागला, तशी जुनी गिऱ्हाइकंही ओट्याजवळ घुटमळू लागली. त्यांच्यातला वाळू नावाचा कामगार मोठ्या समजूतदारपणे म्हणाला, "मावशी, चालू करा खानावळ. फकत पीठ दुसऱ्या कोनाकडून मळी घ्या."

"पीठ मी मळीन. भाकर मी थापीन. चालत असेल त्यानं बसावं, नसेल त्यानं नाक्यावर जावं," केसरबाई म्हणाली.

कुणी बसेना. नथू मागे उभा होता. दोन वर्षांत त्याने घरात पाणीसुद्धा स्वतःच्या हाताने घेतलं होतं. तो पुढे आला, ओट्यावर टेकला आणि तोंडातल्या तोंडात म्हणाला, "वाढ."

केसरबाईला त्या क्षणी रडू आलं आणि संतापही आला. तिने ताट हातातच धरून ठेवलं.

"मला ऐकू नही आलं. त्यांनाही नही आलं."

नथूने मान वर केली. सगळी चाळ बघत होती.

"वाढ मला," तो मोठ्याने म्हणाला, "तुझ्या हातची भाकर."

मग तिने वाढलं.