लोहाऱ्याचं पिलू अन् दारव्ह्याचा कापूस

खून, दरोडे पाहिले, त्यांचं आता फारसं काही वाटत नाही. पण नोकरीच्या शेवटच्या हिवाळ्यातली मांजराची केस आठवली की अजून एकटाच हसतो. माझं शिक्षण बेताचं. शिपाई म्हणून लागलो अन् सहायक फौजदार होऊन निवृत्त झालो, ते डोळे उघडे ठेवून. तेव्हा ही केस माझ्या पद्धतीनंच सांगणार.

दारव्ह्याच्या ठाण्यात सकाळची हजेरी आटोपली होती. एका शेतकऱ्याची सून रडत आली, मागून तिचा सासरा. लोहारा गावात एक बाई पर्शियन मांजरी पाळून पिलं विकते. तिच्याकडून सुनेनं आदल्या दिवशी पांढरं पिलू आणलं होतं. सकाळी ते गायब, अन् मागच्या दाराची कडी निघालेली.

सासरा म्हणाला, "गावात मांजरी फुकट फिरून राह्यल्या, हे ईकत आणते. मले सोडा साहेब, घरी गाडी आली कापूस भरायले."

"पंचनामा होईस्तोवर घरातली एक काडी हलणार नाही," मी म्हणालो. त्यानं हातपाय जोडले, मी ऐकलं नाही. माझा स्वभावच तसा.

तेवढ्यात चौकातल्या टपरीवाल्यानं खबर दिली. लोहाऱ्याची ती बाई आदल्या संध्याकाळी त्याच घराभोवती स्कुटीवर घिरट्या घालत होती. विकलेलं पिलू उचलून न्यायचं अन् दुसऱ्याला विकायचं, असा संशय मी घेतला. संशयात चूक नव्हती, आजही तेच म्हणेन. गुन्हा दाखल झाला असता तर तिच्याकडून परत कोणी पिलू नेलं नसतं. फोन केल्यावर ती दुपारपर्यंत स्वतः हजर झाली.

"काल दारव्ह्यात काहून आलत्या?"

"पाह्यले आलती साहेब. हे ताई फोन उचलत नव्हत्या. पिलाची सोय केली का नाही, जीव राह्यला नाही. घरात लाइट दिसला, वापस गेली."

"पुरावा?"

"पुरावा नाही जी. पण पिलू कोणत्या खोलीत ठेवलं होतं, हे इचारलं का तुमी?"

मी विचारलं नव्हतं. पण तिला तसं दिसू दिलं नाही. सुनेकडे वळलो. "सांगा, कोणत्या खोलीत?"

"कापसाच्या," सून म्हणाली. "ह्याच म्हणाल्या होत्या, एक शांत खोली द्या, मऊ जागा द्या. आमच्या घरात कापसाहून मऊ काय हाय?"

बाईनं कपाळावर हात मारला. "अन् त्याच्या मायच्या अंथरुणाचा तुकडा देल्ला होता तो?"

"लय वास मारत होता. साबणानं धुऊन टाकला."

"वासासाठीच देल्ला होता वो ताई."

सगळे सासऱ्याच्या घरी गेलो. आमच्याकडे भाव वाढेपर्यंत कापूस घरातच ठेवतात. एक अख्खी खोली पार छतापर्यंत भरलेली होती. दारात हमाल तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत बसले होते. गाडीत कापूस भरताना हे लोक तो पायांनी दाबून भरतात. ते पाहून बाईचा चेहरा उतरला.

मी खोलीची झडती घेतली. दारालगत थोडी जागा मोकळी होती, तिथं कोपऱ्यात पिलासाठी वाळूचा ट्रे होता. वाळूत एक जागा ओली होती.

"ही वाळू कवाची?"

"आज सकाळची. पिलू गेलं तरी टाकली. म्हटलं, आलं तं असावी," सून म्हणाली.

"चोरलेलं पिलू मुतायले वापस येत नाही," मी म्हणालो. हमाल हसले. मागच्या दाराची कडी सासऱ्यानंच पहाटे काढली होती, हेही तेव्हा कबूल झालं.

बाईनं स्कुटीच्या डिक्कीतून पिलाच्या आईच्या टोपलीतली चादर आणली, न धुतलेली. ती उंबऱ्यावर अंथरली अन् आम्हा सगळ्यांना खाली बसवलं, मलाही. कोणी बोलायचं नाही. बराच वेळ काही नाही. मग वरचा कापूस हलला. त्यात दोन डोळे उघडले. नाकाला काडीकचरा चिकटलेलं पिलू घसरत घसरत खाली आलं अन् चादरीत तोंड खुपसून बसलं. सुनेनं आवाज न करता डोळे पुसले.

"हे तं आपल्या कापसाहून पांढरं हाय," सासरा म्हणाला. "व्यापाऱ्यानं याचाच भाव आधी लावला असता."

मग त्यानंच स्वयंपाकघरामागची लहान खोली रिकामी केली, खिडकीला जाळी ठोकली, लोंबणाऱ्या वायरी वर बांधल्या. बाई सांगत होती, तो निमूट करत होता. गाडी थांबली ती थांबलीच.

निवृत्तीनंतर मीही तिच्याकडे पिलू मागायला गेलो. खात्यानंही एवढी चौकशी कोणाची केली नसेल.

"गॅलरीले जाळी हाय का साहेब?"

"नाही."

"मंग पिलू नाही."

जाळी लावली. तिनं सांगितलं म्हणून जमिनीवर बसून घर पाहिलं, तर कपाटाखालची फट, तुटका सॉकेट, सगळं दिसलं. आयुष्यभर झडत्या उभ्यानं घेतल्या होत्या.

पिलू घरी आलं ते थेट पलंगाखाली गेलं. दडलेल्याला ओढून काढणं, एवढंच मला येत होतं. समोरचा आपल्या पायानं बाहेर येईल असं बसून राहणं, हे काम मी ती केस पाहून शिकलो. भिंतीला टेकून बसलो, पाय पसरले, पेपर धरला. चहा गार झाला. पिलू बाहेर आलं, माझा अंगठा हुंगला अन् मांडीवर चढून झोपलं.

"आरोपी हजर झाला वाट्टे," बायको म्हणाली.

मी ओठांवर बोट ठेवलं. बोललो असतो तर ते जागं झालं असतं.