मिस मुळशीचा फोटो

सुवर्णा निघाली तेव्हा तिची आई, म्हणजे माझी मावशी, गुडघाभर चिखलात होती. रस्त्यावर जीप उभी होती, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला होता, टपावर आमच्या बॅगा दोरीने आवळलेल्या होत्या, आणि ही नव्या पांढऱ्या बुटांनी बांधावरून आईकडे चालली होती. कोळवण खोऱ्यात त्या दिवसांत कुणालाच सवड नसते. भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, सुरू झाली की घरचं माणूस परदेशी निघालं म्हणून रोपं थांबत नाहीत. पाठीवरच्या पानांच्या इरल्याखालून मावशीने मान वर केली आणि ओरडली, "हितंच थांब. फुडं येऊ नगंस, बुटं घाण व्हतील."

सुवर्णा थांबली. मावशीने चिखलाचे दोन्ही हात वर करून दाखवले, जवळ न घेण्याचं तेच कारण असल्यासारखं. "डाळभात करून खात जा. त्या वैशीच्या नादानं पावावर राहू नगंस."

वैशी म्हणजे मी. तिला न्यायला आले होते, जीपपाशी उभी होते. मावशी पुन्हा वाकली आणि रोपं खोवत मागे मागे सरकायला लागली.

"बघितलंस? रडली पन न्हाई म्हातारी," सुवर्णा जीपमध्ये म्हणाली, आणि पौड येईपर्यंत स्वतः तोंड खिडकीकडे करून बसली.

माझी आई मी लहान असताना गेली. मावशीने मला उचलून कोळवणला आणलं आणि पुढे सुवर्णा आणि दत्ता झाले तेव्हा त्यांच्यात मला मिसळून टाकलं. मला पुस्तकांचं वेड होतं, म्हणून शिकायला पुण्याला पाठवलं. तिथे मी फोटोग्राफी शिकले, मग त्याच्याच शिक्षणासाठी मँचेस्टरला आले आणि राहिले. सुवर्णा पुण्यात नर्स होती. म्हाताऱ्या माणसांच्या केअर होममध्ये नोकरी मिळवून ती माझ्यामागे आली, आणि माझ्या एका खोलीच्या घरात तिचा पलंग भिंतीला लागला. माझी भाषा पुण्यातच बदलली होती. तिची मँचेस्टरातही बदलली नाही. केअर होममधल्या आजोबांना ती "उटा, उटा, लई झोपलासा" म्हणायची आणि ते उठायचे.

गावी मी सांगितलं होतं की मी लग्नाचे फोटो काढते. ते खरं नव्हतं. मी रंगमंचावर काम करणाऱ्यांची पोर्ट्रेट काढते: जादूगार, गाणाऱ्या बायका, आणि सगळ्यात जास्त बर्लेस्कवाल्या. बर्लेस्क म्हणजे बाई नाचत नाचत कपडे उतरवते, एवढं ऐकून लोक पुढचं ऐकायचे थांबतात. पण त्यात खोड्या असतात, नकला असतात, आणि उतरवण्यापेक्षा उतरवायला लावलेला वेळ मोठा असतो. प्रेक्षक हसले नाहीत तर तो प्रयोग पडला असं समजतात. या बायका दिवसा बँकेत, शाळेत, दवाखान्यात काम करतात. संध्याकाळी एखाद्या पबच्या वरच्या मजल्यावर, एका हीटरभोवती पाच जणी, अंगाला डिंकाने टिकल्या चिकटवत बसलेल्या असतात. मी कोपऱ्यात दिवा लावून एकेकीला समोर उभी करते. मी कुणाची नोकर नाही. पोस्टरसाठी फोटो हवा असला की त्या मला बोलावतात. घरी येताना माझ्या स्वेटरला टिकल्या लागलेल्या असायच्या आणि सुवर्णा त्या वेचून कपाळाला लावायची.

रविवारी ती माझ्याबरोबर यायला लागली, दिव्याची छत्री धरायला. पहिल्या दिवशी ती खालीच बघत होती. तिसऱ्या खेपेला तिने एका जाडजूड बाईच्या पोशाखाची गाठ सोडून पुन्हा बांधून दिली आणि मराठीतच तिला सांगितलं की अशी बांधली तर ओढल्यावर सुटते. त्यानंतर काही महिन्यांनी तिने मला तिचा स्वतःचा प्रयोग करून दाखवला, आमच्या खोलीत, पलंग उभा करून.

पुढे रंगमंचावर ती विंगेतून उलटी यायची. कमरेत वाकलेली, पाठीवर घोंगडी आणि त्यावर इरलं, साडीचा काचा मारलेला, प्रेक्षकांकडे पाठ. एकेक रोप खोवत मागे मागे. लोकांना पहिल्यांदा दिसायचं ते तिचं बूड, आणि हशा पिकायचा. रंगमंचाच्या मध्यावर आल्यावर ती कमरेवर हात ठेवून सरळ व्हायची, "आई गं" म्हणायची, आणि वळून लोकांकडे बघायची. बराच वेळ नुसतं बघायची. हशा हळूहळू थांबायचा. मग इरलं जायचं, घोंगडी जायची, मग एकेक करून सगळं, आणि शेवटी हिरव्या टिकल्यांच्या दोन पट्ट्या उरायच्या. त्यानंतर ती मांडी घालून बसायची आणि लावलेलं पीक उपटून खायची. छत कोसळेल इतकं लोक हसायचे. भाताची रोपं मँचेस्टरात मिळत नाहीत. ती दुकानातून आणलेली कांद्याची पात होती. इरलं तिने जुन्या टोपलीचं आणि खाकी कागदाचं केलं होतं. पोस्टरवर नाव असायचं मिस मुळशी, आमच्या तालुक्यावरून.

मी तिला विचारलं होतं, हे कसं सुचलं. तुमच्यापैकी जे आमच्या खोऱ्यातले आहेत त्यांना माहीत आहे, आवणीच्या दिवसांत फार्महाउसवाल्यांच्या गाड्या रस्त्याला थांबतात, काचा खाली होतात आणि वाकलेल्या बायकांचे फोटो निघतात. सुवर्णा लहानपणापासून त्या गाड्यांना शिव्या द्यायची. "तितं फुकट बघत्यात," ती म्हणाली. "हितं तिकीट हाय."

मी तिचा फोटो काढला तो ती वळून बघते त्या क्षणाचा. इरलं खाली पडलेलं, घोंगडी पायाशी, खांदे उघडे, मुठीत पात. माझ्या हातून त्यापेक्षा चांगला फोटो निघालेला नाही आणि आता निघेल असं मला वाटत नाही.

तिच्या पोटातलं दुखणं कळलं तेव्हा डॉक्टरांकडे करण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. घरी दत्ताला सांगितलं, मावशीला अर्धंच. शेवटच्या आठवड्यात ती झोपूनच असायची, पण जीभ शाबूत होती. एका दुपारी म्हणाली, "आयला त्यो इरल्याचा फोटू दाव. मी गेल्याव. आदी न्हाई, न्हाईतर जित्ती सोडायची न्हाई मला." हसली, मग खोकला आला. मग हसू नसलेल्या आवाजात म्हणाली, "तिला कळू दे मी काय करत व्हते. बाकी कुणाला नगं. तिलाच." मी हो म्हटलं.

अस्थी घेऊन मी एकटी उतरले. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून आले आहेत त्यांना परतीचा प्रवास कसा असतो ते माहीत आहे. बॅगेत चॉकलेटं असतात. माझ्या बॅगेत एक डबा होता आणि पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवलेला तो फोटो.

फाट्यावर फ्लेक्स लावला होता. भावपूर्ण श्रद्धांजली, कै. कु. सुवर्णा, खाली इंग्लंड येथे नर्स. मी जीपमधून बघितलं आणि क्षणभर मला वाटलं दुसऱ्या कुणाचा आहे. चेहरा तिचा होता. त्याखालचं अंग तिचं नव्हतं. हिरवी काठपदराची साडी, भरलेला ब्लाउज, मांडीवर ठेवलेले गोरे, गुबगुबीत हात. चेहऱ्यावर उजेड डावीकडून पडला होता आणि साडीवर उजवीकडून. मान जवळजवळ नव्हतीच.

"ताई, तुमी फ्लेक्ससाठी धाडलेला फोटू बिनबाह्यांच्या झग्यातला, खांदं दिसत व्हतं," दत्ता म्हणाला. "पौडला स्टुडिओवाल्याकडं बॉड्या रेडी असत्यात. साडी आयनं निवडली." त्याच्या आवाजात जराही खोटेपणा नव्हता. बहिणीसाठी त्याने धावपळ करून चांगलं काहीतरी केलं होतं. तोच फोटो मोठा करून, हार घालून, ओसरीच्या भिंतीवर लावला होता. जेवताना तो माझ्या समोर येत होता. मी जन्मभर माणसांच्या खांद्यांकडे आणि मानेकडे बघत आले, आणि ते अंग आपण त्या परक्या गावात जाळलं आणि इथे त्याच्या जागी कुठल्यातरी अनोळखी बाईचं अंग बसवलं, एवढंच माझ्या डोक्यात फिरत राहिलं.

दहावा झाला. पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी दुपारी दत्ता शेजारच्या माले गावात कुणाकडे गेला होता आणि मावशी मागच्या पडवीत एकटी तांदूळ निवडत होती. मी तिच्याजवळ बसले, सांगितलं की सुवर्णाने तुला एक फोटो दाखवायला सांगितलाय, फक्त तुला. तिने हात पुसले.

तिने फोटो आधी लांब धरला, मग जवळ आणला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते.

"इरलं कुनी केलं ह्ये?"

"तिनंच. टोपलीचं."

"वाकडं झालंय." तिने फोटोतल्या मुठीवर बोट ठेवलं. "आन ह्ये काय? ह्ये रोप न्हाई. पात हाय ही. कांद्याची पात!" तिच्या नाकातून हसू फुटलं. "कांदं लावतीया चिखलात, येडी."

"तिथं रोपं मिळत नाहीत मावशी."

"आन मूठ बग कशी धरलीया. किती येळा सांगितलं, आंगठा भायेर ठिवू नगंस."

मला इतकं हलकं वाटलं की मी बोलत सुटले. सभागृह कसं होतं, पोस्टर कसं होतं, लोक तिकीट काढून कसे यायचे. मावशी ऐकत होती आणि पदराच्या टोकाने फोटोवरची धूळ पुसत होती. फोटोवर धूळ नव्हती.

"भरायचं का समदं?"

"भरायचं."

"हसायची का लोकं?"

"खूप," मी म्हणाले. आनंदाने म्हणाले. आमच्या कामात त्याहून मोठं काही नसतं, आणि मला वाटलं मी तिला तिच्या लेकीचं यश सांगतेय.

तिचा हात थांबला. "माज्या पोरीला हसली."

"तसं नाही मावशी. तिला तेच हवं होतं. ते हसवण्यासाठीच होतं."

"मी जलमभर वाकले," मावशी म्हणाली. "मला कुनी हसलं न्हाई."

मी समजावण्याचा प्रयत्न केला. गाड्या, काचा, फुकट आणि तिकीट, सगळं सांगितलं. माझं मलाच ते पुस्तकातल्यासारखं ऐकू येत होतं. तिने मध्येच विचारलं, "तू कुटं व्हतीस तवा?"

"मी समोर होते. फोटो काढत होते."

"थंडी लई असती म्हनत व्हतीस तितं."

"हो."

"तिच्या अंगाव काय न्हाई ह्यात. तुज्या अंगाव कोट असंल."

"होता."

"मंग टाकला न्हाईस?"

ती चिडून बोलली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. मावशीने फोटो पुठ्ठ्यात ठेवला, पुठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "घिऊन जा. दत्ताला दावू नगंस." मग सूप बाजूला सारून ती उठली आणि दारात वळून म्हणाली, "च्या घेनार का?"

त्या घरात मला हे कधी कुणी विचारलं नव्हतं. मला सांगितलं जायचं, ऊठ आणि सगळ्यांना चहा टाक. विचारतात ते पाहुण्यांना.

सुवर्णाने सांगितलेलं काम मी केलं. ते झालं का, हे मला कळत नाही. तिला कळू दे, ती म्हणाली होती. मावशीला काय कळलं ते मला दिसलं, आणि ते सुवर्णाला सांगायची वेळ आली नाही याबद्दल मी कुणाचे आभार मानू ते समजत नाही. हा फोटो मी इथल्या भिंतीला लावलेला नाही. तो पुठ्ठ्यातच आहे, तिच्या पलंगाखाली. पलंग मी काढलेला नाही.

काम कमी झालंय, म्हणजे मीच कमी केलंय. गेल्या महिन्यात एका बाईचं पोर्ट्रेट होतं. साठीची, दिवसा शिवणकाम शिकवणारी, खांदे अजून सुंदर. हीटर बिघडलेला होता. दिवा बरोबर बसला होता, तिने मान वळवली, नजर मिळाली, आणि तो क्षण आला. मी कॅमेरा खाली ठेवला, माझा कोट काढला आणि तिच्या अंगावर टाकला. तिला ती गंमत वाटली. कोटाची कॉलर वर करून ती हसत उभी राहिली. मी फोटो काढला. त्यात कोट दिसतो, बाकी काही नाही. तिने तो घेतला नाही, आणि तिचं बरोबर होतं.

दर रविवारी मी दत्ताला व्हिडिओ कॉल लावते. चित्र हलत असतं, मागे ओसरीची भिंत दिसते, हार दिसतो, त्या बाईचे हात दिसतात. कधी मावशी मागून जाते, पाण्याची कळशी घेऊन नाहीतर केरसुणी घेऊन. दत्ता म्हणतो, "आय, बोल की, ताई हाय." ती थांबते, पण फोनकडे बघत नाही.

"बरी हाय का म्हनावं," ती दत्ताला सांगते.

"बरी आहे म्हणावं," मी दत्ताला सांगते.

इथे कुणी घर कुठे म्हणून विचारलं तर मी अजून कोळवणच सांगते. रविवारची ती दोन वाक्यं, एवढंच ते घर आता आहे. पुढच्या रविवारी मी पुन्हा फोन लावीन.