खड्ड्यापुढचं आसन

स्वानंद अकोल्याच्या जुन्या शहरातला. घर पुरोहितांचं. पूजा सांगायच्या नाहीत म्हणून तो इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाला. बाळापूर रस्त्यावरच्या चार्जिंग हबचा विजेचा सगळा आराखडा त्याने केला. ट्रान्सफॉर्मर, पॅनल, केबल, गाड्यांसाठी सहा चार्जर. पहिलंच काम. मी नुसता सोबत होतो.

अडलं अर्थिंगपाशी. बिघाड झाला तर वीज जमिनीत जावी म्हणून खड्ड्यात पाइप पुरलेला, भोवती मीठ आणि कोळसा. मीटरवर जमिनीच्या रोधाचा आकडा एक ओहमच्या आत हवा होता. मे महिना, भेगाळलेली जमीन, आकडा चार. शुक्रवारी तपासणी. नापास झाला तर हब सुरू होणार नव्हता आणि स्वानंद घरी बसणार होता.

ओल असली की आकडा उतरतो, म्हणून तो रोज सकाळी खड्ड्यात पाणी घालू लागला. चिखल लागू नये म्हणून बूट बाजूला काढायचा. धार बारीक, डोळे मिटलेले, घरचं वळण. ओठांत कालचे आकडे.

शेजारी वांगी विकणाऱ्या गंगूबाई चार दिवस बघत होत्या.

"बापू, कोणता देव व्हय हा?"

"देव नाही, मावशी. याले पाणी नाही भेटलं तर आग लागते."

"मंग देवच झाला ना!"

दुसऱ्या दिवशी तिथे हळदकुंकू होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी पाण्याचे तांबे घेतलेल्या बायकांची रांग. गुरुवारी आकडा शून्य पॉइंट नऊ. स्वानंदने मीटर दोनदा झटकून पाहिला.

शुक्रवारी तपासनीस आले, पायांत जाड रबरी बूट. गंगूबाई आडव्या आल्या.

"जोडे काढा जी, साहेब."

"बाई, बुटाशिवाय मीटर लावता येत नाही. नियम आहे."

"आमचाबी आहे."

"अहो, हा खड्डा आहे!"

"मंग तुमी काहून आले पाहाले?"

साहेब बूट काढेनात, गंगूबाई हटेनात. अर्धा तास गेला. साहेब घड्याळ बघत जीपकडे निघाले.

स्वानंद धावत आत गेला आणि शॉक लागू नये म्हणून पॅनलपुढे टाकलेली रबरी चटई ओढत घेऊन आला.

"साहेब, चटई चालते ना नियमात? मावशी, आसन आहे."

साहेबांनी चटईवरचा व्होल्टचा शिक्का नीट वाचला. मग बूट काढून मांडी घातली. गंगूबाईंनी त्यांना कुंकू लावलं. आकडा शून्य पॉइंट सात. पास.

अहवालात रकाना होता: पाणी कोण घालणार? तिथे गंगूबाईंची सही आहे.

परवा स्वानंदने अमरावतीजवळच्या, भातकुली रस्त्यावरच्या नव्या हबचा नकाशा दाखवला. खड्ड्यापुढे एक चौकोन होता.

"हे काय?"

"आसन. एक नग."

खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: नारळ फोडायचा दगड, पॅनलपासून तीन मीटर दूर.