आखाजीचा झोका
काल द्वारका चौकाजवळच्या दुकानात नव्या दोराचा उग्र वास नाकात शिरला आणि ते कडुलिंबाचं झाड डोळ्यांपुढे उभं राहिलं. गावाबाहेरच्या एका वृद्धाश्रमात मी तेव्हा सेविका होते. भोवती छाटणी झालेल्या उघड्याबोडक्या द्राक्षबागा आणि ऊन नुसतं मी म्हणत होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आश्रमाच्या माळ्याच्या लेकी माहेरी आल्या होत्या. त्यांच्यासाठी त्याने अंगणातल्या लिंबाला झोका बांधला होता. बागलाणकडच्या एक आजी व्हरांड्यातून तो झोका एकटक बघत होत्या. वॉकर घेतल्याशिवाय त्यांचं पाऊल उचलत नसे. एकदम त्यांच्या अहिराणी बोलीत म्हणाल्या, "माले बी बसाडा. आज आखाजी शे." मॅनेजरबाई धावत आल्या. "आजी, पडाल हो! तुमच्या घरच्यांना मी काय सांगू?" "सांग, माहेरले गई," म्हणत आजींनी वॉकर माझ्या हातात दिला. आम्ही त्यांना धरून बसवलं, तर म्हणाल्या, "आते सोडा." त्यांनी पायांनी माती रेटली, गुडघे दुमडले, पाय लांब केले, आणि झोका चढतच गेला. पदर फडफडला, तळपाय लिंबाच्या फांदीला लागले आणि बारीक पांढरी फुलं आमच्या डोक्यांवर सांडली. मॅनेजरबाई पायरीवर मटकन बसल्या. मी वॉकर छातीशी धरून वर बघत राहिले. आता माझेही गुडघे बोलतात. काल दुकानदाराने विचारलं, "मावशी, एवढा दोर कशाला?" मी म्हटलं, "आखाजी शे."